पोलादी वाटीतला चुंबक : मॅग्नेट फिशिंगचा चुंबक कसा बनतो आणि कसा जोडावा

पाण्यात दोर सोडून लोखंड बाहेर काढण्याचा मॅग्नेट फिशिंगचा छंद मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या कालव्यांवर आणि पुलांवर रुजला. आपल्याकडे विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकत, त्याच्याच जवळचे हे काम. त्यासाठी मिळणाऱ्या चुंबकावर 200 किलो, 400 किलो असे आकडे छापलेले असतात आणि घेणारा त्यातल्या ‘एन 52’ या ग्रेडकडेच पाहतो. प्रत्यक्षात पकड जितकी चुंबकाची तितकीच त्याच्याभोवतीच्या पोलादी वाटीची असते. वाटी चुकली तर महागातला महाग चुंबकही निम्म्या जोराचा होतो. म्हणून आधी आतली चकती कारखान्यात कशी बनते ते पाहू आणि मग लेथ असलेल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जमेल अशी वाटी मापांसह बनवू. चकती मात्र विकतच आणायची. ती घरी करण्याची गोष्ट नाही, याचे कारण पुढे येतेच.

चकती कशी बनते

या चुंबकाचा पाया म्हणजे निओडिमियमचे 2, लोखंडाचे 14 आणि बोरॉनचा 1 अणू असलेले संयुग. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या वाटांनी इथे पोहोचले. क्रोट यांची रीत वितळलेला धातू झटकन थिजवण्याची होती, सागावांची पूड दाबून भाजण्याची. मासेमारीच्या चुंबकात जातो तो सागावांच्या रीतीचा, म्हणजे सिंटर केलेला चुंबक. याच कामासाठी सागावांना 2022 चे क्वीन एलिझाबेथ प्राइझ मिळाले.

वजनाने पाहिले तर मिश्रधातूत निओडिमियम आणि त्याचा भाऊबंद प्रासियोडिमियम मिळून 29 ते 32 टक्के, बोरॉन 1 टक्क्याच्या आसपास आणि बाकी जवळजवळ सगळे लोखंड असते. उष्णतेत टिकायला हवे असतील तर डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. मासेमारीच्या चुंबकाला त्याची गरज नाही, पाणी थंडच असते.

मिश्रधातू निर्वात इंडक्शन भट्टीत वितळवून, आरगॉन या निष्क्रिय वायूच्या वातावरणात, आतून पाणी खेळवलेल्या फिरत्या तांब्याच्या चाकावर ओततात. चाकावरून अर्धा मिलिमीटरही जाड नसलेल्या पापड्या निघतात. सावकाश थंड केले तर आत शुद्ध लोखंडाचे कण वेगळे पडतात आणि ते पुढे चुंबकत्व खातात. म्हणून ही घाई.

पापड्या फोडायला हातोडा लागत नाही, हायड्रोजन पुरतो. बंद टाकीत हायड्रोजन सोडला की तो आधी कणांच्या सीमेवरच्या निओडिमियमने समृद्ध थरात शिरतो, थर फुगतो आणि पापडी आपोआप तडकून भुगा होते. मग भुगा तापवून बहुतेक हायड्रोजन काढून घेतात. पुढे जेट मिलमध्ये नायट्रोजनच्या झोतात कण एकमेकांवर आपटून 3 ते 5 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक होतात. या आकाराला बहुतेक कण एकेका स्फटिकाचा असतो आणि सगळा खटाटोप त्यासाठीच असतो, कारण एकच स्फटिक असलेला कण चुंबकीय क्षेत्रात नीट एका दिशेला वळतो.

इथेच घरगुती प्रयोग संपतो. ही पूड हवा लागताच पेट घेते. पेटली नाही तरी ऑक्सिजन शोषते, आणि पुढे भाजताना जो निओडिमियमयुक्त थर वितळून कणांना सांधायचा असतो त्याचाच ऑक्साइड होऊन बसतो.

ही पूड साच्यात भरून साधारण दीड-दोन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात दाबतात. क्षेत्राने कण एका दिशेला लागतात आणि दाबाने त्याच स्थितीत अडकतात. दाब फार वाढवला तर कण पुन्हा वाकडे होतात, म्हणून इथे बेताचाच दाब देतात. नंतर ठोकळा हवाबंद पिशवीत घालून तेलाच्या टाकीत चारी बाजूंनी सारखा दाबतात. या टप्प्यावर ठोकळा खडूइतका ठिसूळ असतो.

भट्टीत निर्वात वातावरणात 1030 ते 1100 अंश सेल्सिअसला काही तास भाजल्यावर ठोकळा आकसतो आणि घनता 7.5 ग्रॅम प्रति घन सेंमीच्या जवळ येते. आकसणेही सगळीकडे सारखे नसते, कण ज्या दिशेला लागलेत त्या दिशेने ते जास्त असते. तापमान कमी पडले तर आत भोकं राहतात आणि जास्त झाले तर कण फुगून मोठे होतात. मोठ्या कणांचा चुंबक सुरुवातीला चांगला ओढतो, पण उलट क्षेत्रात किंवा थोड्या उष्णतेत लगेच मान टाकतो. भाजल्यानंतर साधारण 900 आणि मग 500 ते 600 अंशांवर पुन्हा तापवणी होते. तिच्यामुळे कणांभोवतीचा थर एकसंध पसरतो.

मग हिऱ्याच्या चाकांवर आणि तारेच्या करवतीवर, भरपूर कूलंट सोडून, चकत्या कापतात. अजून त्यांत बाहेर जाणवेल असे चुंबकत्व नसते आणि म्हणूनच हे काम सुरळीत होते. त्यानंतर निकेल, तांबे, पुन्हा निकेल असा मिळून 10 ते 20 मायक्रॉनचा मुलामा. सगळ्यात शेवटी कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका गुंडाळीतून काही मिलिसेकंदांत सोडतात. तीन टेस्लाहून जास्त क्षेत्राचा तो एक ठोका बसला की चकती चुंबक होते.

ग्रेडचा आकडा कसा वाचावा

एन 35, एन 42, एन 52 यांतला आकडा चुंबकात साठणाऱ्या जास्तीत जास्त ऊर्जेचा आहे, एकक मेगागॉस-ओर्स्टेड. या संयुगाची सैद्धांतिक मर्यादा 64 च्या आसपास आहे. चुंबकित केल्यावर एन 42 मध्ये उरणारे क्षेत्र साधारण 1.3 टेस्ला आणि एन 52 मध्ये 1.45 च्या जवळ, म्हणजे फरक 11-12 टक्क्यांचा. पुढे अक्षर नसलेल्या ग्रेडची कामाची मर्यादा 80 अंश धरतात, एन 52 ला पुष्कळ उत्पादक त्याहून कमी देतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मे महिन्यात धातूची वस्तू किती तापते हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे आपल्या हवेत एन 42 किंवा एन 45 घ्यावा आणि वाचलेले पैसे जाड वाटीवर घालावेत.

वाटी काय करते

पकडीचा हिशेब सोपा आहे. जिथे लोखंड टेकते तिथे क्षेत्र 1 टेस्ला असेल तर दर चौरस सेंमीला साधारण 4 किलोची ओढ मिळते. क्षेत्र 1.6 टेस्ला झाले तर ओढ 10 किलोच्या वर जाते, कारण ती क्षेत्राच्या वर्गाने वाढते. नुसत्या चकतीच्या मागच्या बाजूचे क्षेत्र हवेत वाया जाते. वाटी ते गोळा करून काठापर्यंत आणते आणि अरुंद काठात दाबून बसवते. म्हणून तीच चकती वाटीत बसवली की पकड दुपटीहून जास्त होऊ शकते.

पण पोलादालाही मर्यादा आहे. माइल्ड स्टीलमध्ये 1.6 टेस्लापर्यंत क्षेत्र सहज वाहते, त्यापुढे ते कुरकुरते आणि 2 च्या आसपास भरून जाते. तळ पातळ असला की जास्तीचे क्षेत्र मागून बाहेर गळते. तपासायला सोपे आहे. चुंबक जाड प्लेटला चिकटवून वाटीच्या पाठीला पेपरक्लिप लावून पाहा. ती घट्ट धरली गेली तर तळ अपुरा आहे. नुसती रेंगाळली तर ठीक.

तळाची जाडी काढायचे सूत्र असे : चकतीचा व्यास गुणिले चकतीतले क्षेत्र, भागिले (4 गुणिले 1.6). चकती 48 मिमी आणि क्षेत्र 1.1 टेस्ला धरले तर 8.25 मिमी येते. आपण 9 ठेवू, मध्ये आटेही पाडायचे आहेत. काठाचे क्षेत्रफळ चकतीतले क्षेत्र वाहून नेण्याइतके हवे. चकतीचे 18.1 चौरस सेंमी गुणिले 1.1 भागिले 1.6, म्हणजे 12.4 चौरस सेंमी.

सामान

- निओडिमियम चकती, 48 मिमी व्यास, 12 मिमी जाडी, एन 42, निकेल मुलाम्याची, जाडीच्या दिशेने चुंबकित
- माइल्ड स्टीलचा 70 मिमी राउंड बार, 25 मिमी लांब तुकडा (ईएन 8 किंवा त्याहून कठीण पोलाद नको, कार्बन वाढला की क्षेत्र वाहणे घटते)
- डेलरिन या कडक प्लास्टिकचा 55 मिमी रॉड, 40 मिमी लांब
- एम 10 आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) आणि एम 10 चा 60 मिमी लांब, पूर्ण आट्यांचा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट)
- सावकाश घट्ट होणारे दोन भागांचे इपॉक्सी, आटे पक्के करणारे द्रव, ॲसिटोन, ग्रीस

तयार झाल्यावर आयबोल्ट सोडून वजन साडेपाचशे-सहाशे ग्रॅम भरते.

वाटी आणि कड्या

बारचा बाहेरचा व्यास 68 मिमी आणि उंची 21.4 मिमी करा. आत 54 मिमी व्यासाचा, 12.4 मिमी खोल खळगा घ्या. म्हणजे भिंत 7 मिमी आणि तळ 9 मिमी उरतो. 12 मिमीची चकती आणि 0.1 मिमी इपॉक्सी धरले की चकतीचा चेहरा काठापेक्षा 0.3 मिमी खाली राहतो. हे मुद्दाम. चुंबक लोखंडावर आपटतो तेव्हा धक्का काठाने घ्यायला हवा, कारण चकती चिनी मातीसारखी फुटते. 0.3 मिमीच्या बदल्यात पाचेक टक्के पकड जाते, तेवढी जाऊ द्यावी.

खळग्याचा तळ सपाट हवा. कोपऱ्यात टूलची गोलाई राहिली तर चालते, डेलरिनच्या कडीला तिथे चॅम्फर मारा, म्हणजे कड तिरपी छाटा. काठाचा चेहरा मात्र एकाच सेटिंगमध्ये फेस करा. काठ अर्धा मिमी जरी तिरका झाला तरी एका बाजूला हवेची फट पडते आणि पकड कुठे गेली ते कळत नाही. बाहेरच्या कडेला अगदी बारीक, 0.3 मिमीचा चॅम्फर पुरे. देखणी गोलाई द्यायचा मोह टाळा, तिथलेच क्षेत्रफळ पकडीचे आहे.

तळाच्या मध्यावर 8.5 मिमीचे आरपार भोक आणि त्यात एम 10 चे आटे. तळाच्या मध्यातून फारसे क्षेत्र वाहत नाही, ते कडेकडे वाढत जाते. त्यामुळे या भोकाने पकड घटत नाही.

डेलरिनच्या दोन कड्या करा, दोन्हींचा आतला व्यास 48.2 आणि बाहेरचा 53.9 मिमी. एक 11 मिमी उंच, ती आतच राहणार. दुसरी 20 मिमी उंच, ती फक्त बसवताना लागेल. पहिली खळग्यात बसली की वर 1.4 मिमी जागा उरते. दुसरी तेवढ्या खाचेत बसून सरळ उभी राहते.

झिंक प्लेटिंग, रंग, पावडर कोटिंग जे काही करायचे ते आत्ताच. पावडर कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंशांची असते. चुंबक आत असताना वाटी तिच्यात गेली तर बाहेर येते ती फक्त रंगवलेली वाटी. मागे दोरासाठी कडी वेल्ड करण्याचे खूळही याच कारणासाठी नको. आणि काठाच्या चेहऱ्यावर पावडर कोटिंग येऊ देऊ नका, तो थर म्हणजे पुन्हा फट.

चकती उतरवणे

हा सगळ्यात धोक्याचा टप्पा. हाताने सोडलेली चकती आधी भिंतीला झेप घेते, तिथून तळावर आपटते आणि तिची कड उडते. बोट मध्ये सापडले तर काय होते ते सांगायला नको. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामाच्या जवळही येऊ नये. डोळ्यांवर गॉगल आणि हातात जाड मोजे घाला. टेबल लाकडी असू द्या. त्यावरचे स्पॅनर, व्हर्निअर, लोखंडी भुसा सगळे मीटरभर दूर.

वाटी लाकडाच्या ठोकळ्यात खळगा वर करून अडकवा आणि खालून हात जाईल इतकी जागा ठेवा. चकती आणि तळ ॲसिटोनने पुसा. निकेल गुळगुळीत असते, इपॉक्सी त्यावर नीट धरत नाही. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने चकतीची पाठ आणि कड नुसती मंद करा. निकेलखालचे तांबे दिसायला लागले तर जास्त घासले गेले.

स्टडचे टोक कानशीने गोलसर करा, सगळ्या आट्यांना ग्रीस लावा आणि खालून फिरवत तो खळग्यात तळापासून 25 मिमी वर आणा. दोन्ही कड्या बसवा. तळावर इपॉक्सीचा पातळ थर द्या, स्टडभोवतीचा अंगठ्याएवढा भाग कोरडा सोडा. आता चकती वरच्या कडीत सरळ सोडा, ती स्टडच्या टोकावर टेकेल. मग स्टड खालून सावकाश उलटा फिरवा. एका फेऱ्याला चकती दीड मिमी खाली येते. शेवटच्या 3-4 मिमीमध्ये ओढ एकदम वाढते आणि स्टड जड लागतो. तिथे घाई नको, पाव-पाव फेरा द्या. चकती तळाला टेकली की स्टड अचानक हलका फिरतो. वरची कडी काढा आणि 24 तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी स्टड पूर्ण काढा. कडीच्या आतबाहेरच्या फटी आणि वरची खाच पातळ इपॉक्सीने चकतीच्या चेहऱ्याच्या पातळीपर्यंत भरा. बुडबुडे सुईने फोडा. जिथे बुडबुडा राहतो तिथून पाणी शिरते.

आयबोल्टचे आटे 8 मिमीच आत जातील असे कापा. लांब राहिला तर घट्ट करताना तो चकतीला मागून ढकलतो आणि इपॉक्सी सुटते. आट्यांना पक्के करणारे द्रव पूर्ण घेराला लावा. ते बोल्ट सुटू देत नाही आणि चकतीच्या पाठीकडे जाणारे पाणीही अडवते. डीआयएन 580 या जर्मन मानकाच्या एम 10 आयबोल्टला सरळ ओढीत 230 किलोची मान्य क्षमता असते, आपल्या चुंबकाला पुरेशी.

पकड मोजणे

किमान 15 मिमी जाड, ग्राइंड केलेली माइल्ड स्टीलची प्लेट, लटकता काटा आणि चेनपुली घ्या. ओढ अगदी सरळ लागली पाहिजे. कागदावर हा चुंबक दोनशे किलोच्या थोडा वर जातो. गळती, 0.3 मिमीची खोली आणि बसवण्यातली तिरप धरून 120 ते 160 किलो मिळाले तर काम उत्तम झाले. मग ए-4 चे साधे कागद मध्ये घालून पुन्हा मोजा. 80 जीएसएमचा कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो, म्हणजे 20 कागद झाले 2 मिमी. एवढ्या फटीला पकड निम्म्याहून खाली येते.

गंज, शेवाळ आणि गाळ मिळून 2 मिमीचा थर पाण्यातल्या कुठल्याही लोखंडावर असतोच. शिवाय बाजूने ओढले तर चुंबक सरकतो आणि सरकायला सरळ ओढीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच जोर पुरतो. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून सायकली निघतात, त्यांची नळी तर एक-दीड मिमी जाडीची आणि गोल. चुंबकातले सगळे क्षेत्र वाहून न्यायला तिच्यात लोखंडच नसते. वेष्टनावरचा 400 चा आकडा खोटा नसतो, पण तो जाड, सपाट, कोऱ्या प्लेटचा असतो.

विहिरीतून वस्तू काढायची असेल तर ती कशाची आहे हे आधी पाहा. पितळेची कळशी, तांब्याचा हंडा, ॲल्युमिनियमची बादली यांना चुंबक लागत नाही. 304 स्टेनलेसच्या पंपालाही जवळजवळ नाही. तिथे जुना गळच बरा.

वापरात काय बिघडते

मुलाम्याला टवका गेला की चुंबक आतून गंजतो. पाणी कणांच्या सीमेवरचा निओडिमियमचा थर खाते, कण मोकळे होतात आणि चकतीची करडी भुकटी सुटते. टवका दिसल्या दिवशी वाळवून इपॉक्सीने बंद करा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. चकतीला ड्रिल किंवा ग्राइंडर लावू नका. मुलामा जातो, चकती तडकते आणि उडणारी पूड पेटते.

दोर 8 मिमी पॉलिएस्टरचा घ्या. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते हे धरूनच क्षमता निवडा. चुंबक अडकला तर दोर गाडीला बांधून ओढू नका. सुटलेला चुंबक दोराच्या ताणाने परत अंगावर येतो. जागा बदला आणि बाजूने ओढून सरकवा.

ब्रिटनमध्ये कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट आपल्या कालव्यांवर मॅग्नेट फिशिंग करू देत नाही आणि फ्रान्समध्ये आधी परवानगी लागते. कारण युरोपच्या पाण्यात दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब आणि ग्रेनेड अजून आहेत. असे काही वर आले तर ते चुंबकापासून सोडवायचा प्रयत्न न करता दोर तिथेच हळूच ठेवा, लांब जा आणि पोलिसांना फोन करा.